हाताने उतरवलेलं शुभवर्तमान

लोकांचं लक्ष विचलित करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. असं थेट मी कुणाला सांगत नाही, ऑफिसच्या कार्डावर वेगळंच काहीतरी भारदस्त छापलेलं आहे. पण काम तेच. तुम्ही जेवत असता, मुलांचा अभ्यास घेत असता आणि फोन टिंग करून वाजतो. अमुक वस्तू स्वस्त झाली, तमुक हॉटेलातून तुम्ही बऱ्याच दिवसांत काही मागवलं नाहीत. त्या दोन ओळी मी लिहितो. कुठल्या वेळी पाठवल्या तर माणूस हातातलं सोडून फोन उचलेल, हेही मीच ठरवतो. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली आहे, तिच्या सातव्या मजल्यावर माझी बारा वर्षं यातच गेली.

मी ख्रिस्ती, मराठी मंडळीतला. आजोबा नगरकडच्या खेड्यातून मुंबईत आले तेव्हापासून आमचं घर गिरगावातल्या एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जातं. राहायला आम्ही लालबागला. लहानपणी प्रार्थना करताना कुणीतरी ऐकतंय अशी मला पक्की खात्री असायची. चाळिशी ओलांडली तेव्हा ती खात्री कुठे गेली, हे मला सांगता आलं नसतं. देवाशी भांडण झालं नव्हतं. शंकाबिंकाही आल्या नव्हत्या. माझं लक्षच नसायचं, इतकंच. पाळकसाहेब उपदेश करत असायचे आणि मी गीतांच्या पुस्तकाआड फोन धरून मॅचचा स्कोअर बघायचो. बायको कोपराने ढोसायची. मग मी फोन खिशात टाकायचो आणि आता किती झाले असतील, याचा विचार करत आमेन म्हणायचो.

त्या जानेवारीत पाळकसाहेबांनी उपासनेनंतर एक गोष्ट जाहीर केली. देवळाच्या वर्धापनदिनापर्यंत मंडळीने बायबलमधला सबंध नवा करार हाताने लिहून काढायचा. सगळ्यांना एका मापाचे जाड कागद आणि काळी शाई मिळेल. प्रत्येक घराने एक भाग घ्यायचा, अक्षर टपोरं काढायचं आणि शेवटी सगळं एकत्र बांधायचं. चिठ्ठ्या टाकल्या. मला येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं आलं, सोळा अध्यायांचं.

"एका महिन्यात आणून देतो," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

लिहिलेलं तपासायचं काम मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे होतं. गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची उभी हयात गेलेली. बायको वारलेली, मुलगा परदेशात, आणि ते एकटे चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर राहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी काम घेताना अट घातली होती.

"खाडाखोड चालणार नाही. चूक सापडली की पान परत लिहायचं. मग माझ्यावर रुसायचं नाही."

पहिले चार अध्याय मी कसे लिहिले ते सांगायला लाज वाटते. सोफ्यावर बसून, मांडीवर पाट घेऊन, आणि मूळ मजकूर फोनवर उघडून. ओळीवर बोट ठेवावं तर त्याच ओळीवर ऑफिसचा निरोप येऊन बसायचा. तो बघायचा, उत्तर द्यायचं, परत यायचं. टीव्ही चालू असायचा. मुलगी काहीतरी विचारायची. तीन आठवड्यांनी पानांचा गठ्ठा घेऊन मी काकांच्या खोलीवर गेलो, तेव्हा शाबासकीच मिळणार अशा थाटात पंख्याखाली बसलो.

काकांनी खिडकीशी टेबल ओढलं, शास्त्र, म्हणजे छापील बायबल, डावीकडे ठेवलं, माझी पानं उजवीकडे. दोन्हीकडे एकेक पट्टी. ते एक एक ओळ खाली सरकत होते. फक्त मधूनच पेन्सिलीने समासात बारीक खूण करत होते. पहिल्या पानावर तीन खुणा झाल्या, दुसऱ्यावर पाच. मग ते थांबले.

"हे काय आहे रे? तो समुद्राच्या काठी मीटिंगला बसला?"

मी वाकून बघितलं. माझ्याच सुरेख, टपोऱ्या अक्षरात 'मीटिंग' लिहिलेलं होतं. मला हसू आलं. काका हसले नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी चौथ्या अध्यायावर पट्टी ठेवली. "पेरणाऱ्याच्या दाखल्यात किती प्रकारची जमीन आहे?"

बी पेरणाऱ्याची ती गोष्ट संडे स्कूलमधल्या पोराला पण येते. "चार," मी म्हणालो. "वाट, खडकाळ, काटेरी आणि चांगली."

"पुढे प्रभू त्याचा उलगडा करतो, तो तू लिहिलायस त्यात तीनच आहेत. काट्यांमध्ये पडलेलं बी कुठे गेलं?"

मी परत परत वाचलं. खडकाळ जमिनीवरून मी थेट चांगल्या जमिनीवर आलो होतो. संसाराच्या चिंता आणि पैशाचा मोह उगवलेलं रोप कसं दाबून टाकतात, तेवढंच नेमकं गळलं होतं.

"सारख्या धाटणीची वाक्यं एकाखाली एक आली की डोळा घसरतो," काका म्हणाले. "आमच्याकडे पण व्हायचं. पण आम्ही तेव्हा बारा-बारा तास बसलेलो असायचो. तुला काय झालं होतं?"

"फोन आला असेल."

"आला, की तू बघितलास?"

काकांनी यावर उपदेश केला नाही. खुणा केलेली पानं बाजूला काढली, उरलेल्या बिनचूक पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. तो अगदीच लहान होता.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. एरवी मी बसल्याबसल्या फोन काढला असता. त्या दिवशी काढला नाही. शास्त्रातली ती ओळ मी असंख्य वेळा ऐकली होती आणि ती कुणा दुसऱ्याबद्दल आहे असं धरून चाललो होतो, फार पैसेवाल्यांबद्दल, चंगळ करणाऱ्यांबद्दल. काटेरी जमीन मीच होतो. आणि बाकीच्यांच्या जमिनीत काटे लावत फिरण्याचा पगारही घेत होतो. आमचा स्टॉप कधी गेला ते कळलंच नाही, भानावर आलो तेव्हा दादरही मागे पडत होतं. मी उतरून उलटा चालत आलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. मीटिंगवर ती पोट धरून हसली. काट्यांचं ऐकल्यावर हसायची थांबली.

"मग काय करणार? पाळकसाहेबांना सांगून दुसऱ्या कुणाला द्यायचं?"

"नाही. परत लिहिणार. पहिल्यापासून."

ठरवलं ते असं. सकाळी सहा ते सात. फोन बंद करून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे. मजकूर फोनवरून नाही, छापील शास्त्रातून. दिवसाला एकच पान, मग ते चाळीस मिनिटांत होवो नाहीतर तासात. सातच्या आधी जागेवरून उठायचं नाही.

पहिले आठ दिवस माझा हात दर दोन-तीन ओळींनंतर खिशाकडे जायचा. खिसा रिकामा आहे हे कळलं की जीव कासावीस व्हायचा, एखादं लहान मूल गर्दीत हातातून सुटावं तसा. कान उगाच टिंग ऐकायचे. एका सकाळी मी तीनदा पाणी प्यायलो, दोनदा शाईची बाटली पुसली. लालबागमध्ये सकाळ कधीच शांत नसते, दूधवाले, भाजीचे टेम्पो, खाली नळावरची भांडणं. त्या आवाजाने मला कधी त्रास झाला नाही. गणपतीत तर अकरा दिवस ढोल ऐकत मी त्याच खोलीत परीक्षांचा अभ्यास केलेला आहे. आता आतला आवाज थांबत नव्हता.

शेजारच्या मावशी मालवणकडच्या. पूर्वी त्यांचे यजमान गिरणीत होते. आमचं दार सकाळी हवेसाठी उघडं असतं, आणि मावशी गॅलरीत तुळशीला पाणी घालायला येतात. दहाएक दिवस त्यांनी नुसतं बघितलं. मग दारात उभ्या राहिल्या.

"काय रे, रोज सकाळचो काय लिवतंस? परीक्षा बिरीक्षा आसा काय?"

मी सांगितलं, आमचं शास्त्र उतरवून काढतोय.

त्यांनी लगेच मान हलवली. "माजी सासू असाच रामनाम लिवी. एकदा बसली की कोणाक ओ देय नसा. पाठ दुखली तरी तू उठा नको हां. उठलंस की संपला."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मावशींच्या रेडिओचा आवाज बारीक झाला. मी काही मागितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात काहीतरी बदललं. एका सकाळी सातचे सव्वासात झाले आणि मला कळलं नाही. बायकोने चहा आणून ठेवला होता तो गार झाला होता. त्या पानावर एका आजारी बाईची गोष्ट होती, गर्दीतून वाट काढत मागून वस्त्राला शिवणारी. ती गोष्ट मला तोंडपाठ होती असं मी समजत होतो. पण शब्दामागून शब्द लिहिताना पुढे पळता येत नाही. ती बाई गर्दीत जितका वेळ उभी असेल तितकाच वेळ मीही तिथे उभा होतो. त्या पानावर काकांनी एकही खूण केली नाही.

मार्च आला, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, आणि ऑफिसात ती भानगड झाली.

एका सकाळी सातला मी फोन चालू केला तर स्क्रीनवर मिस्ड कॉलची रांग लागलेली. सहाच्या सुमाराला आमच्या यंत्रणेत काहीतरी बिघडलं होतं आणि जेवणानंतर गोड खाण्याबद्दलचा एक निरोप लोकांच्या फोनवर दर पाच मिनिटांनी वाजत होता. पहाटे झोपलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी गुलाबजाम. तो थांबवायची सोय दोघांकडेच होती. एकजण रजेवर गावी गेलेला. दुसरा मी.

ऑफिसातली माझी साहेबीण वयाने माझ्याहून लहान, हुशार, आणि एरवी माझी बाजू घेणारी. तिने मला काचेच्या खोलीत बोलावलं.

"कुठे होतास तू?"

"घरीच. फोन बंद होता."

"बंद? का?"

"सकाळी सहा ते सात मी शास्त्र लिहितो. त्या वेळी फोन बंद ठेवतो."

"मग आधी कुणाला तरी सांगून ठेवायचंस ना! मी दुसरी सोय केली असती."

हे तिचं शंभर टक्के खरं होतं. मी देवाला तास दिला होता, पण ज्यांच्या भरवशावर तो दिला त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. लोक हसतील म्हणून. "चुकलं माझं," मी म्हणालो. "सांगायला हवं होतं. क्लायंटशी मी स्वतः बोलतो, माफी मागतो. पण पुढेही त्या तासात माझा फोन बंदच असेल. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे देऊ या. बदल्यात शनिवार रात्रीचं काम मी घेतो."

"अरे, एप्रिलपासून नवीन टीम तुझ्याकडे द्यायचं ठरलंय. ठाऊक आहे ना तुला? टीम सांभाळणाऱ्याचा फोन बंद नाही राहू शकत. देवाचं संध्याकाळी कर. कोण नको म्हणतंय?"

"संध्याकाळपर्यंत माझ्यात काही शिल्लक राहत नाही."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. तिलाही ते लागलं असावं, कारण ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "सोमवारपर्यंत विचार कर."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "तुला काय वाटतं?"

"भीती वाटते. टीमची मी चार वर्षं वाट बघतोय. पण हा तास एकदा सोडला ना, की मी परत बसणार नाही. मला मी माहीत आहे."

"मग झालं की ठरवून," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला उठली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "मला वाईट वाटणारच आहे हां. तेवढं वाटू दे."

सोमवारी मी नाही म्हणून सांगितलं. टीम माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीकडे गेली. केक कापला, मी टाळ्या वाजवल्या, हसरा चेहरा करून फोटोत उभा राहिलो. मला वाटलं होतं, आता मन कसं हलकं होईल, देवासाठी काहीतरी सोडलं म्हणून. झालं उलटंच. मला भयंकर मत्सर वाटला. सकाळी बसायचो, अक्षरं निघायची, पण डोक्यात तिचं नवं टेबल, तिची नवी खुर्ची. देवाशी मी एक प्रकारचा सौदा केला होता आणि त्याने आपली बाजू पाळली नाही, अशी चरफड होत होती. सौदा मी एकट्यानेच केला होता, हे तेव्हा सुचत नव्हतं.

त्यातल्याच एका सकाळी मी फोन टेबलावर आणला. फक्त घड्याळ बघायला, असं स्वतःला सांगितलं. मग तिच्या अभिनंदनाचे निरोप वाचत बसलो. कुणी कुणी काय काय लिहिलंय, त्यात माझ्याबद्दल काही आहे का. मान वर केली तेव्हा पावणेसात झाले होते आणि कागदावर अर्धी ओळ होती. समोर उघडा होता तो बागेतला प्रसंग, प्रभू तळमळून प्रार्थना करतो आहे आणि शिष्यांना तासभर जागं राहणं जमत नाही.

मी तिथेच पेन ठेवून म्हणालो, "प्रभू, क्षमा कर." मन भरून आलं असं नाही. खोली होती तशीच कोरडी होती. तरी उठलो, फोन बंद केला, डब्यामागे ठेवून आलो आणि उरलेली पंधरा मिनिटं लिहिलं. त्या पंधरा मिनिटांत फार तर सहा ओळी झाल्या असतील. सगळ्या शुभवर्तमानात मला त्या सहा ओळींचा सगळ्यात जास्त अभिमान आहे. बरं वाटत नसतानाही लिहिता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. तापात चुकली नाही, मुलीच्या परीक्षेत चुकली नाही, मेव्हणीच्या लग्नाच्या दिवशीही साडेपाचला उठून पान पुरं केलं आणि मग कोट चढवला.

शेवटचे दोन अध्याय घेऊन मी काकांकडे गेलो तेव्हा टेबल भिंतीला लावलेलं होतं.

"आता दिसत नाही रे," ते म्हणाले. "मधोमध काळा डाग आलाय. डॉक्टर म्हणतात, जाणार नाही तो. कडेकडेचं दिसतं, अक्षर नाही लागत." मग माझा चेहरा पडलेला त्यांना जाणवला असणार. "पण तपासल्याशिवाय पान घेणार नाही. छापखान्यात दोघं बसायचो आम्ही. एकाने मूळ धरायचं, एकाने मोठ्याने वाचायचं. शनिवारी बायकोला घेऊन ये."

त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसलो. बायकोच्या मांडीवर छापील शास्त्र, बोट ओळीवर. काका डोळे मिटून खुर्चीत. मी माझी पानं वाचत होतो.

"विरामचिन्हांसकट," काका म्हणाले.

म्हणून मी प्रभूच्या मरणाची आणि पुन्हा उठण्याची हकिकत स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणत वाचली. सुरुवातीला विचित्र वाटलं. मग तसं वाटेनासं झालं. त्याला वधस्तंभावर खिळलं, स्वल्पविराम. दुपारी अंधार पडला, पूर्णविराम. एका जागी मी थांबलो.

"थांबू नको," काका डोळे न उघडता म्हणाले. "थांबलं की चूक होते."

मी पुढे वाचत राहिलो. बायकोचं बोट सरकत होतं. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटचा पूर्णविराम म्हटल्यावर मला अगदी स्पष्ट जाणवलं की आम्हा तिघांशिवाय आणखी कुणीतरी ते ऐकलं आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

"एकही नाही," बायको म्हणाली. "एकही चूक नाही."

"सलाम," काका म्हणाले, आणि चहा टाकायला भिंतीला हात लावत उठले.

वर्धापनदिनाच्या चार आठवडे आधी पाळकसाहेबांनी सगळे भाग गोळा केले, तेव्हा नव्या करारातल्या पत्रांपैकी शेवटाकडचं एक निम्मंच झालेलं निघालं. ते घेतलेल्या कुटुंबाची बदली झाली होती, तिकडे जाऊन त्यांना सवडच मिळाली नव्हती. पाळकसाहेब चिंतेत पडले. इतक्या थोड्या दिवसांत नव्याने कोण बसणार?

"त्याला द्या," काकांनी माझ्याकडे हात केला. दिसत नसूनही नेमका माझ्याकडेच. "त्याचा हात बसलाय आता."

खरं तर मी त्या रविवारी ठरवून आलो होतो की, झालं एकदाचं, आता काही दिवस सकाळी झोपायचं. ऑफिसात नवीन काम आलं होतं, मोठं नव्हतं, पण करायला बरं होतं. सहा ते सात मला कुणी फोन करत नाही, ते आता सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी हसलंही नाही. तासाची सोय झालेलीच होती. मी कोरे कागद मोजून घेतले. पत्र लहान होतं, पण दुसऱ्याच्या अक्षराला लागून आपलं अक्षर जुळवायचं होतं, म्हणजे घाई चालणार नव्हती.

सोमवारी सहाला बसलो. आधीच्या माणसाने वाक्य अर्ध्यात सोडलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि पुढचा शब्द लिहिला.